लहान मुलाच्या हातातला फोन कसा सोडवावा : पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला खेळणे म्हणून स्मार्टफोन देऊ नये, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बहुतेक आई-वडिलांना आता वेगळे सांगावे लागत नाही. अडते ते त्याच्या पुढे. एखाद्या सकाळी कोणीतरी ठरवते की आजपासून फोन बंद. मुलाच्या हातून तो ओढून घेतला जातो, मूल आकांत करते, दुपारी आजीला ते पाहवत नाही आणि दिवेलागणीपर्यंत फोन पुन्हा त्याच हातात गेलेला असतो. अशा प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पुढचा प्रयत्न अधिक अवघड होतो, कारण किती वेळ रडले म्हणजे फोन मिळतो हे मुलाला नेमके कळून चुकते. फोन काढून घेणे ही पहिली पायरी नसून पाचवी आहे. आधीच्या चारही पायऱ्या मोठ्या माणसांनी करायच्या आहेत, आणि त्या गाळल्यामुळेच बहुतेक घरांत हे काम फसते.

## सुरुवातीपूर्वी : वयानुसार मर्यादा ठरवून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्यानंतर आपल्या शिफारशी दिल्या. दोन्हींचा मथितार्थ एकच आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नको. नातेवाइकांशी होणारा व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान दिवसभरात मिळून जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. या एका तासात फोन, टॅब आणि टीव्ही असे सगळे येते. प्रत्येकाला वेगळा तास नाही.

त्याच सूचनांमधले आणखी दोन आकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक कामाचे आहेत. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी. झोप एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास हवी. फोनमधून सुटलेला वेळ या दोन गोष्टींकडे वळवायचा आहे. तो कुठे जाणार हे ठरले नाही, तर तो टीव्हीसमोर जातो.

पडताळणी : मुलाचे वय वर्षांत न सांगता महिन्यांत लिहा. 'दोन-अडीच वर्षांचा आहे' असे म्हणताना बाळ प्रत्यक्षात वीस महिन्यांचे असते आणि दोन वर्षांवरील मुलांना लागू असलेली सवलत त्याला दिली जाते.

## पायरी १ : चार दिवस फक्त नोंद करा

या चार दिवसांत काहीही बदलायचे नाही. एका वहीत, प्रत्येक वेळी फोन मुलाकडे गेला की पाच गोष्टी लिहायच्या : कोणी दिला, किती वाजता, कशासाठी, किती वेळ राहिला आणि परत कसा घेतला. चार दिवसांत एखादा रविवार किंवा आठवडी बाजाराचा दिवस यावा, कारण त्या दिवशी घराची घडी वेगळी असते. फोनमध्ये वापराचे तास दिसतात हे खरे, पण ते तास मुलाचे की मोठ्यांचे, हे फोनला सांगता येत नाही. म्हणून वहीच हवी.

नोंदी वाचल्यावर बहुधा असे दिसते की फोन दिवसभर कधीही दिला जात नाही, तर ठरावीक तीन-चार प्रसंगी दिला जातो. घास भरवताना, आई चुलीपाशी किंवा गॅसपाशी असताना, वडगाव-शहापूरकडच्या घरांत मागावर बसण्याच्या वेळी, निपाणीकडे बिड्या वळण्याच्या वेळी, आणि रात्री झोपवताना. प्रत्येक प्रसंगामागे मोठ्या माणसाची एखादी खरी अडचण असते. ती अडचण तशीच ठेवून फोन काढला, तर तो परत येणारच.

नेहमीची चूक ही की केवळ मुलाचीच नोंद केली जाते. मुलासमोर मोठी माणसे किती वेळा फोनमध्ये मान घालून बसतात हेही त्याच वहीत लिहावे. वडील जेवताना रील पाहतात आणि लेकरू मात्र न पाहता जेवावे, ही अपेक्षा पुरी होत नाही.

सूचना : ही वही कोणाला दोष देण्यासाठी पुढे करू नये. एकदा तसे झाले की पुढच्या दिवसापासून फोन लपून दिला जातो आणि नोंदी खोट्या ठरतात.

## पायरी २ : घरातल्या सगळ्यांचे एकमत करा

सीमाभागातली पुष्कळ घरे अजून एकत्र आहेत. मूल दिवसा आजी-आजोबांकडे, संध्याकाळी काकांच्या खांद्यावर, रविवारी आत्याच्या घरी असते. हे भाग्यच आहे, पण फोन सोडवताना त्यातूनच गोंधळ होतो. चार जणांनी नाही म्हटले आणि पाचव्याने हळूच दिला, तर मूल त्या पाचव्याची वाट पाहत रडत राहते. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशी वस्तू मागण्याचा हट्ट सर्वांत चिवट असतो. नेहमी न मिळणाऱ्या वस्तूचा हट्ट काही दिवसांत विरतो. म्हणून घरातला प्रत्येक मोठा माणूस तयार होईपर्यंत पुढची पायरी घेऊ नये, मग त्यासाठी पंधरा दिवस गेले तरी चालतील.

आजीशी बोलताना विशेष काळजी घ्यावी. गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन वर्षांच्या मुलामागे धावता येत नाही, आणि फोन हा तिला सापडलेला एकमेव आधार असतो. तिला डॉक्टरांचे नियम ऐकवण्याऐवजी तिची अडचण विचारावी. "आई, बाळ तुमच्याजवळ असताना कुठल्या वेळेला तुम्हाला जड जातं, ते सांगा. त्या वेळेला आपण दुसरी काहीतरी व्यवस्था करू," अशी सुरुवात करावी. हे बोलणे बाळाच्या वडिलांनी स्वतः आपल्या आईशी करावे. ते सुनेवर टाकू नये. सुनेने सांगितलेली तीच गोष्ट पुष्कळदा सासूला उलटी लागते, आणि मग वाद फोनचा न राहता मानाचा होतो.

नियम थोडे असावेत. पुढील तीन पुरतात, आणि ते मोठ्यांनाही लागू असावेत :

१. जेवणाच्या जागी कोणाचाही फोन येणार नाही.
२. मूल झोपण्याआधी तासभर त्याच्यासमोर पडदा नसेल.
३. रडणे थांबवण्यासाठी फोन कधीही दिला जाणार नाही.

घरी आल्यावर सर्वांचे फोन ठेवण्याची एक जागा ठरवावी : उंचावरचा कोनाडा, फडताळाचा वरचा कप्पा, मुलाचा हात आणि शक्यतो नजर पोहोचणार नाही अशी कोणतीही जागा. फोन समोर पडलेला ठेवून तो न मागण्याची सवय एवढ्या लहान वयात लावता येत नाही.

घरात शाळेत जाणारे मोठे भावंड असेल तर त्याचाही विचार याच बैठकीत व्हावा. शाळेच्या गटावर येणारा गृहपाठ पालकाने पाहून वहीत उतरवून द्यावा. फोनवर पाहणे भागच असेल, तर धाकटे झोपलेले असताना किंवा अंगणात असताना ते उरकावे.

### सुरू करण्याचा दिवस

भाताच्या सुगीत, घरात लग्नकार्य असताना, मूल आजारी असताना किंवा धाकट्याचा जन्म तोंडावर आलेला असताना सुरुवात करू नये. दूध तोडणे आणि फोन तोडणे एकाच वेळी करू नये. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला जुलै-ऑगस्टच्या पावसात मूल दिवसच्या दिवस घरात अडकते. तिथे हे काम त्या दिवसांत सुरू करणे म्हणजे स्वतःहून अडचण वाढवणे होय. सुगी आटोपल्यानंतरचा जानेवारी-फेब्रुवारीचा काळ, अथवा घरात आत्तेभावंडे-मामेभावंडे जमतात ती उन्हाळी सुट्टी, या दोन वेळा मला सर्वांत सोयीच्या वाटतात.

## पायरी ३ : फोनच्या जागी काय, याची आधी मांडणी करा

पहिल्या पायरीतली वही उघडावी आणि फोन दिला गेलेल्या प्रत्येक प्रसंगासमोर त्या वेळी मुलाच्या हाताला काय मिळेल हे लिहावे. 'खेळायला लावू' असे मोघम लिहून भागणार नाही. 'सकाळी साडेआठ, भाकऱ्या चालू असताना : पिठाचा गोळा, छोटे पोळपाट, दाराजवळचा पाट' इतके स्पष्ट असावे.

स्वयंपाकाच्या वेळी मुलाला नजरेच्या टप्प्यात पण विस्तवापासून लांब बसवावे. रिकामे डबे आणि त्यांची झाकणे, पितळी पातेले व लाकडी चमचा, भिजवलेल्या कणकेचा गोळा, निवडायला पालेभाजीची जुडी, यांत दीड-दोन वर्षांचे मूल बराच वेळ रमते. ते काम नीट करणार नाही. पाने सांडतील, कणीक जमिनीला लागेल. ते सांडणे सहन करण्याची तयारी हाही या पायरीचाच भाग आहे. स्वच्छतेच्या हौसेपायी कितीतरी घरांत मुलाच्या हातात पुन्हा फोन जातो, कारण फोन काही सांडत नाही.

मातीचे खेळ या भागात सहज मिळण्यासारखे आहेत. खानापूरला कौले आणि मातीकामाचा व्यवसाय आहे. कुंभाराकडून आणलेला चिकणमातीचा एक गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर बरेच दिवस टिकतो. बेंदराला घरात मातीचे बैल होतात, दिवाळीत किल्ला होतो; ते मोठ्या मुलांपुरते न ठेवता लहानग्यालाही कोपऱ्यातला एक ढीग द्यावा. हातांची बोटे दाबणे, वळणे, चिमटणे यांतून तयार होतात आणि पुढे लेखणी धरायला उपयोगी पडतात. काचेवर बोट सरकवण्यात यातले काहीही होत नाही.

हालचालीची १८० मिनिटे सलग नसली तरी चालते. सकाळी अंगण किंवा गोठा, दुपारनंतर देवळाचे आवार, संध्याकाळी मळ्याच्या वाटेवर चालणे, अशा तुकड्यांनी ती सहज भरते. टिळकवाडी-हिंदवाडीसारख्या शहरी भागांत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मात्र वेळ काढून मुलाला बागेत किंवा मैदानावर न्यावेच लागते. उघड्यावरच्या उजेडात घालवलेला वेळ मुलांमध्ये लांबचे कमी दिसण्याचा दोष उद्भवण्यापासून काही प्रमाणात संरक्षण देतो, हे आता डोळ्यांचे डॉक्टर नेहमी सांगतात.

खेळणी एकदम सगळी बाहेर काढू नयेत. निम्मी उचलून ठेवावी आणि आठवड्याने अदलाबदल करावी.

### बोलणे, आणि दोन भाषांची भीती

मूल बोलायला शिकते ते देवाणघेवाणीतून. ते काही आवाज करते, समोरचा त्याला उत्तर देतो, ते पुन्हा काही म्हणते. पडद्यावरचे पात्र मुलाने काही म्हटले तरी थांबत नाही आणि चुकले तरी दुरुस्त करत नाही, म्हणून फोनवरून गाणी पाठ होतात पण संभाषण येत नाही. आपल्या भागात यातून एक विशेष प्रकार दिसतो : घरी मराठी, गल्लीत आणि अंगणवाडीत कन्नड असे असतानाही लेकरू कार्टूनमधली हिंदी वाक्ये बोलते, पण पाणी हवे असेल तर नुसते बोट दाखवते.

अशा वेळी घरात दोन भाषा असल्यामुळे मूल बोलायला उशीर करते, असे समजून आजीला कन्नड किंवा मराठी बोलण्यास मनाई केली जाते. ही चूक कृपया करू नये. दोन भाषा ऐकल्याने बोलण्याचा विकार होत नाही. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. 'पाणी' आणि 'नीरु' हे दोन शब्द धरावेत. कमी करायचा आहे तो पडदा.

धोक्याच्या गोष्टी : तीन वर्षांखालील मुलाजवळ चिंचोके, गोट्या, मणी, शेंगदाणे, सागरगोटे यांपैकी काहीही ठेवू नये, ते घशात अडकतात. बटणाएवढ्या सपाट बॅटरीचे खेळणे असेल तर तिचे झाकण स्क्रूने बंद आहे का ते पाहावे, कारण ती बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका भाजते. पाण्याचा खेळ मोठे माणूस शेजारी बसलेले असतानाच द्यावा. भरलेली बादलीसुद्धा लहान मुलाला बुडायला पुरेशी असते.

## पायरी ४ : फोन तयार करा

ही पायरी घरातल्या प्रत्येक फोनवर करायची आहे, केवळ आईच्या नव्हे. सेटिंग्जमधली नावे कंपनीगणिक थोडी वेगळी असतात, पण सोयी बहुतेक फोनमध्ये आहेत.

१. फोनला पिन ठेवावा आणि तो मुलासमोर टाकू नये. तीन वर्षांचे मूल बोटांची चाल पाहून पॅटर्न लक्षात ठेवते.

२. यूट्यूबमधील ऑटोप्ले बंद करावे. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते, आणि थांबण्याची नैसर्गिक जागाच उरत नाही. मुलाची निम्मी चिडचिड याच ठिकाणी होते.

३. दोन वर्षांवरील मुलाला दाखवायचे असेल ते आधी निवडून डाउनलोड करून ठेवावे आणि दाखवताना इंटरनेट बंद करावे. जाहिरात येत नाही, पुढची सूचना येत नाही. जंगलपट्ट्यातल्या ज्या गावांत नेटवर्क अधूनमधूनच मिळते तिथे याचा दुहेरी उपयोग होतो.

४. ॲप पिनिंग सुरू करावे. ते सुरू असताना मुलाला त्या ॲपच्या बाहेर पडता येत नाही. मात्र त्याच ॲपमधली दुसरी चित्रफीत त्याला उघडता येते, म्हणून या सोयीवर एकट्यावर विसंबू नये. आयफोनमध्ये असेच काम गाईडेड ॲक्सेस करते.

५. यूट्यूब किड्स वापरत असाल तर त्यातला शोध बंद करून, पालकांनी मंजूर केलेल्याच चित्रफिती दिसतील अशी निवड करावी.

६. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड लागेल असे ठेवावे. यूपीआय लाइटमधून छोट्या रकमा पिनशिवाय जातात. ज्या फोनला मुलाचा हात लागतो त्यावर ती सोय बंद ठेवलेली बरी. पैसे गेलेच आणि फसवणुकीचा संशय असेल, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

सूचना : या सगळ्या कुलपांचा उपयोग मोठ्यांचे काम सोपे करण्यापुरता आहे. कुलपे लावली म्हणून मुलाला फोन देऊन बाजूला जाता येत नाही.

## पायरी ५ : आता फोन सोडवा

दोन वर्षांखालील मुलाचा फोन टप्प्याटप्प्याने कमी करण्यात अर्थ नाही. 'थोडाच वेळ' ही गोष्ट त्याला कळत नाही. चारही पायऱ्या पूर्ण झाल्या असतील, तर ठरलेल्या सकाळपासून तो पूर्ण बंद करावा.

दोन वर्षांवरील मुलासाठी पुढील क्रम ठेवावा. एक टप्पा स्थिर झाल्याशिवाय दुसरा घेऊ नये. साधारणपणे प्रत्येकाला आठवडाभर लागतो.

### पहिले, जेवण

जेवणापासून सुरुवात करण्याचे कारण सोपे आहे. त्या वेळी मोठे माणूस मुलाजवळ बसलेलेच असते, त्यामुळे जादा वेळ काढावा लागत नाही, आणि दिवसातून दोन-तीनदा सराव होतो. शिवाय पडद्याकडे पाहत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याची जाणीव होत नाही. तोंड उघडते म्हणून घास जातो, एवढेच.

जेवणाआधी दोन तास बिस्किट, शेव, दूध असे काही देऊ नये. भूक लागलेली असणे ही पूर्वतयारी आहे. मुलाला घरातल्यांच्या पंगतीत बसवावे, त्याचे स्वतःचे छोटे ताट असावे आणि दुधात कुस्करलेली भाकरी किंवा वरण-भात त्याने स्वतःच्या हाताने खावा. पहिले काही दिवस ते कमी खाईल. आईला हे सर्वांत जड जाते आणि बहुतेक प्रयत्न इथेच मोडतात : 'दोनच घास, तेवढ्यापुरता फोन.' निरोगी मूल चार दिवस कमी जेवले म्हणून त्याचे काही बिघडत नाही; पुढच्या जेवणाला ते भूक घेऊन येते. अर्ध्या तासात ताट उचलावे, मागे लागू नये, रागावू नये. मूल आधीच कमी वजनाचे असेल किंवा आजारातून उठलेले असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच हा टप्पा घ्यावा.

### मग रिकाम्या वेळा

प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत, पाहुण्यांच्या घरी दिला जाणारा फोन. घराबाहेर पडताना एक छोटी पिशवी सोबत असावी : कापडी बाहुली, चित्रांचे जाड पुस्तक, खडू आणि वही. बेळगावहून गोव्याला किंवा कोल्हापूरला जाताना खिडकीबाहेरच्या गाई, ट्रक, नद्या दाखवत बोलत राहावे लागते, आणि त्याने मोठी माणसे दमतात हे खरे आहे. मूल कंटाळले तर कंटाळू द्यावे. कंटाळ्यातूनच ते स्वतःचा खेळ शोधते.

### नंतर कामाच्या वेळा

तिसऱ्या पायरीत केलेली मांडणी इथे कसास लागते. एखादा पर्याय चालला नाही तर फोनकडे न वळता पर्याय बदलावा. मागावर किंवा शेतात ज्यांना खरोखरच उठता येत नाही, त्यांनी शेजारच्या घराशी वेळा वाटून घ्याव्यात. तीन वर्षांवरील मुलाला अंगणवाडीत नियमित पाठवणे हा याहूनही चांगला मार्ग आहे.

### शेवटी झोप

झोपेचा टप्पा सर्वांत अवघड, म्हणून तो शेवटी. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने : हातपाय धुणे, कपडे बदलणे, दिवा मंद करणे, पायांना तेल, एखादी गोष्ट किंवा ओवी. गोष्ट तीच तीच मागितली तरी तीच सांगावी. पडद्याच्या प्रकाशाने आणि त्यावरच्या धावपळीने झोप लांबते, म्हणून तासभर आधीच तो बंद व्हायला हवा. अंगावर पाजणाऱ्या आईनेही अंधारात फोन पाहणे टाळावे. बाळ त्या उजेडाकडे वळते.

### रडण्याचे दिवस

सुरुवातीचे काही दिवस रडणे कमी होण्याआधी वाढते. हे बिघडल्याचे लक्षण नाही. जे मागण्याने पूर्वी मिळत होते ते आता जोरात मागून पाहण्याचा तो प्रयत्न असतो, आणि त्याच क्षणी फोन दिला तर जोरात मागायचे हाच धडा मूल शिकते.

मुलाजवळ राहावे. एकच वाक्य शांतपणे म्हणावे, "फोन झोपायला गेलाय, आपण माती खेळूया," आणि त्यावर वाद वाढवू नये. कुशीत घ्यावे, घेऊ देत नसेल तर शेजारी बसावे. पुढील गोष्टी मात्र टाळाव्यात. फोनऐवजी कुंद्याचा तुकडा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण मग तो नवा हट्ट होतो. पोलीस, बागुलबुवा, इंजेक्शन यांची भीती घालू नये. मारू नये. फोन बिघडला असे खोटे सांगू नये; तासाभराने बाबा त्याच फोनवर बोलताना दिसतात आणि मुलाचा विश्वास जातो. आणि टीव्ही लावून रडणे थांबवू नये, कारण त्याने पडदा तोच राहतो, केवळ मोठा होतो.

एखाद्या दिवशी कोणाकडून फोन दिला गेलाच, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नाही. दुसऱ्या सकाळी त्याच टप्प्यावरून पुढे जावे, आणि ज्याने दिला त्याला सर्वांसमोर बोलू नये.

## पायरी ६ : दोन वर्षांवरील मुलाचा ठरलेला वेळ

दाखवायचेच असेल तर वेळ आणि जागा ठरलेली असावी : दिवसातून एकदा, अर्धा तास, माजघरात, मोठ्या माणसाच्या शेजारी. फोनपेक्षा टीव्ही बरा असे माझे स्पष्ट मत आहे. तो डोळ्यांपासून लांब असतो, सर्वांना दिसतो, आणि बोट सरकवून दर दहा सेकंदांनी चित्र बदलता येत नाही. चित्रे संथ, भाषा घरात बोलली जाणारी मराठी किंवा कन्नड, आणि विषय असा की बंद केल्यावर त्यावर बोलता येईल. "तो कावळा कुठं गेला?" असे पाहतानाच विचारत राहावे.

बंद करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. घड्याळ पाहून मध्येच बंद केले तर रडारड होते. सुरू करण्याआधीच सांगावे, "ही एक गोष्ट संपली की बंद," आणि ती संपताच बंद करावे. बटण मुलाला दाबू द्यावे. त्यानंतर लगेच काहीतरी हवेसे ठरवलेले असावे, जसे अंगणात जाणे किंवा खाऊची वेळ.

### व्हिडिओ कॉल

बेळगाव भागातली अनेक घरे अशी आहेत की वडील सैन्यात दूरच्या ठाण्यावर, किंवा नोकरीसाठी गोव्यात, पुण्यात असतात. त्यांच्याशी होणारा व्हिडिओ कॉल तोडू नये. तो खराच संवाद असतो, आणि दोन वर्षांखालीलही मुलाला चालतो. फोन मोठ्या माणसाने धरावा. वडिलांनी नुसते "जेवलास का" विचारण्यापेक्षा मुलाने हातातला मातीचा बैल दाखवावा, त्यांनी त्याचे नाव विचारावे, अशी देवाणघेवाण व्हावी. कॉल संपताच पडदा बंद करून फोन कोनाड्यात जावा. कॉल संपल्यावर फोन मुलाच्या हाती राहणे ही इथली नेहमीची चूक आहे.

## पायरी ७ : पडताळणी, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

चार आठवड्यांनी पहिल्या पायरीसारखीच पुन्हा चार दिवस नोंद करावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. मूल स्वतःहून खेळ सुरू करते का, हाक मारल्यावर वळते का, जेवणाचा वेळ आटोक्यात आला का, झोप लवकर लागते का, हे पाहावे. अंगणवाडीतल्या शिक्षिकेलाही विचारावे. घरच्यांना रोज पाहून न जाणवणारा फरक तिला दिसतो.

काही लक्षणे फोन सुटण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावीत : वर्षाच्या वयापर्यंत बोबडे आवाज किंवा बोट दाखवणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतः जोडलेले दोन शब्दांचे वाक्य नाही, नावाने हाक मारली तरी लक्ष नाही, डोळ्याला डोळा देत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले. यांमागे फोनशिवाय दुसरे कारण असू शकते, आणि सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्यावी लागते. 'फोन बंद केला की बोलेल' म्हणून वर्षभर थांबलेल्या मुलांचे उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मुलाला आवर्जून हजर ठेवावे आणि शंका सांगावी. मधल्या काळात जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मुलाचा हट्ट आवरताना पालकांचाच धीर सुटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते.

### लग्नसराई, जत्रा आणि मामाचे गाव

घडी बसल्यानंतर ती मोडते ती बहुधा पाहुण्यांत. मामाच्या गावाला निघण्यापूर्वी तिथल्या मोठ्या माणसाला आधीच फोन करून तिन्ही नियम सांगावेत, मुलासमोर नव्हे. लग्नघरी एखाद्या नातेवाइकाने लाडाने फोन पुढे केला, तर त्याला चारचौघांत अडवण्यापेक्षा मुलाला उचलून मांडवाबाहेर न्यावे. दोन-तीन दिवस नियम सैल झालेच, तर घरी परतल्यावर पहिल्या जेवणापासून पुन्हा लागू करावेत, आणि एक-दोन दिवसांच्या रडण्याची तयारी ठेवावी. त्या दिवसांत घरात एखादे जादा माणूस असेल असे परतीचे तिकीट काढावे.